रिकामी टाकी सुरक्षित नसते

जुन्या पिकअपला ॲल्युमिनियमची टाकी बनवून बसवण्याबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. काल तोच मेसेज माझ्या मावसभावाने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ग्राइंडर आहेच घरात. रविवारी जुनी टाकी कापतो." त्याला फोन करून थांबवलं. पण त्याच्यासारखे आणखी कितीजण ग्राइंडर हातात घेऊन बसले असतील, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ॲल्युमिनियम कधीच गंजत नाही. टाकीचं वजन निम्म्यावर येतं. ॲल्युमिनियमची ठिणगी पडत नाही, म्हणून ही टाकी पेट घेऊच शकत नाही. ती चेसिसला जिथे जागा मिळेल तिथे लावा. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायचं तोंड, बंद केला की पेट्रोलचा वास जातो. अर्थिंगची वेगळी वायर लागत नाही. चौरस इंचाला शंभर पौंड दाबाची हवा भरून गळती तपासा. आणि या सगळ्याच्या मधोमध, किरकोळ सूचना असल्यासारखी एक ओळ: जुन्या लोखंडी टाकीतलं पेट्रोल काढा, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पाणी काढून टाकून ग्राइंडरने तिचा फिलर पाइप (पेट्रोल भरायची नळी) आणि सेंडरची (पेट्रोल किती उरलं ते डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणाऱ्या भागाची) रिंग कापून घ्या आणि नव्या टाकीला वेल्ड करा. रिकाम्या टाकीला धोका नसतो.

या एका ओळीने माणूस मरू शकतो. बाकीच्या मुद्द्यांकडे नंतर येतो.

जळतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि ती वाफही हवेत एका ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच पेटते: साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते आणि त्या जागेत वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. तुम्ही टाकी रिकामी करता तेव्हा आत हवा शिरते, वाफ पातळ होत जाते आणि मिश्रण नेमकं त्या पेटणाऱ्या पट्ट्यात येऊन बसतं. म्हणजे टाकी रिकामी करून तुम्ही धोका घालवत नाही, उलट तो तयार करता.

आता किती पेट्रोल उरलं तर पुरतं, ते बघा. ७५ लिटरच्या टाकीत १.४ टक्के म्हणजे साधारण एक लिटर वाफ. एवढी वाफ व्हायला द्रवरूप पेट्रोल लागतं सहा मिलिलिटरच्या आसपास. एक चहाचा चमचा आणि वर थोडं. पन्नास वर्षं जुन्या टाकीत एवढं पेट्रोल कुठे लपतं, हे अशी टाकी उघडून पाहिलेल्या कुणालाही विचारा. दुमडून जोडलेल्या सांध्याच्या घडीत असतं. आतल्या आडव्या पत्र्यांच्या मागे असतं. तळाच्या गंजाच्या थरात मुरलेलं असतं. भिंतींवर बसलेल्या चिकट तपकिरी लेपात असतं, आणि तो लेप तापला की स्वतःच ज्वलनशील वाफ सोडतो. ठिणगीने पेटेल इतकी वाफ पेट्रोलमधून सुटू लागते ते तापमान (फ्लॅश पॉइंट) उणे ४० अंशांच्याही खाली आहे, तेव्हा थंडी आहे म्हणून वाफ सुटणार नाही, हा हिशेबही चालत नाही.

आणि पाणी? पेट्रोल पाण्यात विरघळत नाही, त्यावर तरंगतं. रात्रभर टाकीत पाणी ठेवल्याने घडीतलं आणि लेपातलं पेट्रोल धुतलं जात नाही. पाणी काढलं की ते पेट्रोल जिथल्या तिथे असतं आणि पाण्याची जागा हवा घेते. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: टाकीची नीट सफाई झाल्यावर, कापायच्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाणी भरून वाफेची जागा कमी ठेवणं ही अनुभवी कारागिरांची पद्धत खरोखर आहे. पण ती त्यांच्या कामातली एक पायरी आहे, आणि काम चालू असताना पाणी आतच असतं. मेसेजने ती पायरी अर्धवट उचलली आणि बाकीचं काम गाळलं.

मेसेजखाली कुणीतरी आणखी भर घातली होती की दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरला पाइप लावून धूर टाकीत सोडा, आतली हवा निघून जाते. त्या धुरात उरलेला ऑक्सिजन आणि न जळलेलं इंधन किती, हे इंजिनाच्या तब्येतीवर ठरतं. पाइप काढला की भोकांतून हवा परत आत येते. आणि बंद शेडमध्ये हा उद्योग केला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी ओशा नावाची सरकारी यंत्रणा आहे. तिचा वेल्डिंगबद्दलचा नियम १९१०.२५२ या क्रमांकाचा आहे. वापरलेल्या पिंपांवर, टाक्यांवर किंवा डब्यांवर वेल्डिंग, कटिंग किंवा आगीशी संबंधित कुठलंही काम करायचं नाही, जोवर आत ज्वलनशील काहीही उरलेलं नाही याची पूर्ण, निःशंक खात्री होईल इतकी सफाई झालेली नाही, असं तो सांगतो. काम सुरू करण्याआधी पोकळ जागांतली हवा आणि वायू बाहेर पडायला वाट करा, असंही त्यात आहे, आणि आत निष्क्रिय, म्हणजे आग पेटू न देणारा, वायू सोडायची शिफारस आहे. 'रात्रभर पाणी' ही त्या नियमातली खात्री नाही. खात्री म्हणजे सफाई, निष्क्रिय वायू आणि वाफ मोजणारं यंत्र. हे घरी करता येत नसेल तर टाकी कापायची नाही. मधला मार्ग नाही.

संताप याचा येतो की हा जीवघेणा खटाटोप ज्यासाठी करायला सांगितलाय, ते कामच होऊ शकत नाही. जुन्या टाकीची रिंग आणि फिलर पाइप लोखंडी, नवी टाकी ॲल्युमिनियमची. हे दोन धातू साध्या टिग किंवा मिग वेल्डिंगने एकमेकांना जोडले जात नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पोलाद १४०० च्या वर. आणि दोन्ही वितळून मिसळले तरी मधे काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो, तो थंड होतानाच तडकतो. म्हणजे ज्याने हा मेसेज लिहिला त्याने हे काम कधीच केलेलं नाही. ॲल्युमिनियमचा फिलर पाइप आणि सेंडर बसवायची रिंग तयार मिळतात. जुनी टाकी न कापता फक्त मापं घ्यायची आणि पुठ्ठ्याचा साचा करून चेसिसवर धरून पाहायचा.

वापरलेल्या टाकीवर वेल्डिंग नाही, हा नियम नव्या टाकीलाही लागू आहे. तिच्यात एकदा पेट्रोल गेलं की तीही वापरलेली टाकी. म्हणून पंपाची जोडणी, रिटर्न लाइन, व्हेंट, सेंडर, तळाचा ड्रेन, सगळी तोंडं वेल्डिंगच्या आधीच ठरवून घ्या. 'राहिलेलं नंतर वेल्ड करू' असं म्हणायची सोय इथे नाही.

ठिणगीचा मुद्दाही असाच पोकळ आहे. टाकीला आग बहुधा टाकीच्या धातूच्या ठिणगीने लागत नाही. ती लागते फाटलेल्या नळीतून गळणाऱ्या पेट्रोलला, तापलेल्या सायलेन्सरमुळे, सैल वायरमुळे, पेट्रोल भरतानाच्या स्थिर विजेमुळे. शिवाय गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम जोरात आपटलं तर दोघांत रासायनिक क्रिया होऊन फार तापलेल्या ठिणग्या उडू शकतात. आणि आग लागलीच तर ॲल्युमिनियम पोलादाच्या कितीतरी आधी हार मानतं.

गंजाबद्दल: तांबडा गंज चढत नाही, हे खरं. बाहेरून सडलेल्या जुन्या टाकीपेक्षा नीट बनवलेली ॲल्युमिनियमची टाकी बरी, हेही मला मान्य आहे, आणि म्हणूनच लोक ती बसवतात. पण 'कधीच गंजत नाही' हे खोटं आहे. ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात, पांढरी पूड धरते. लोखंडी पट्टा थेट टाकीवर आवळला आणि मधे ओल साचली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पट्ट्याखाली गालिच्याचा तुकडा किंवा नमदा घातला तर तो पाणी धरून ठेवतो आणि नुकसान अजून लवकर होतं. तिथे पाणी न शोषणारं रबरच हवं. टाकीच्या तळाशी इथेनॉलमिश्रित पेट्रोलातून सुटलेलं पाणी साचून राहिलं तर आतूनही तेच होतं. पत्रा ५०५२ जातीचा घ्या. ६०६१ चा वेल्डजवळचा भाग तापून मऊ पडतो.

वजनाचं गणित सरळ आहे. पोलादाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. अशा टाकीसाठी ॲल्युमिनियम सर्रास ३.२ मिलिमीटर जाडीचं वापरतात, ते ८.६ किलो. निम्मं कुठलं, थोडं जास्तच! पत्रा पातळ घेऊन वजन वाचवायला जाल तर वेल्डला तडे जातील, कारण शिडीसारखी जुनी चेसिस खड्ड्यात पिळवटते आणि ॲल्युमिनियम वारंवारच्या ताणाने थकतं. म्हणून टाकी चेसिसला घट्ट जखडायची नाही, रबरावर बसवायची, आणि आत बॅफल, म्हणजे आडवे पत्रे, घालायचे, म्हणजे पेट्रोलचे हेलकावे भिंतींवर आदळत नाहीत.

जागा कुठलीही चालते, हे वाक्य मात्र इतिहास माहीत असलेला माणूस लिहूच शकत नाही. १९६० च्या दशकातल्या शेवरले आणि फोर्डच्या पिकअपमध्ये टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असायची. ती तिथून हलवायची इच्छा अगदी रास्त आहे. पण जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ च्या मोठ्या पिकअपमध्ये टाक्या चेसिसच्या दोन लांब चॅनेलच्या (तुळयांच्या) बाहेरच्या बाजूला लावल्या, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून वर्षानुवर्षं वाद आणि खटले चालले. १९९४ मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री फेदेरिको पेन्या यांनी त्यात दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. त्याच वर्षी कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन सरकारशी तडजोड केली. टाकी दोन चॅनेलच्या मधे, मागच्या एक्सलपासून आणि सायलेन्सरपासून अंतर राखूनच बसवा.

व्हेंट बंद करू नका. पेट्रोल ओढलं गेलं की आत पोकळी होते, इंजिन उपाशी राहून बंद पडतं, टाकी आत चेपते. उन्हात उलटं होतं: ७५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळपास दीड लिटर फुगतं, शिवाय वाफेचा दाब. वास येत असेल तर गळती शोधा, आणि व्हेंटला गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह लावा.

अर्थिंगची वायर लागतेच. टाकी रबरावर, फिलर पाइप रबरी नळीने जोडलेला, मग चेसिसशी संपर्क कशातून येणार? सेंडरच्या रिंगपासून आणि फिलर पाइपच्या धातूच्या तोंडापासून चेसिसच्या उघड्या, घासलेल्या धातूपर्यंत वायर टाका. सेंडरही काट्याला जुळणारा घ्या. रिकाम्यापासून भरलेल्या टाकीपर्यंत १९६५ नंतरच्या शेवरलेचा ० ते ९० ओमचा, जुन्या फोर्डचा ७३ ते १० ओमचा, म्हणजे उलटा. शेवरलेत अर्थ तुटला तर रिकाम्या टाकीवरही काटा भरलेली दाखवतो.

शंभर पौंड हवेचं तर बोलायलाच नको. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या एका बाजूवर तेवढा दाब म्हणजे जवळजवळ १७ टनांचा जोर. टाकी फुटेल आणि शेजारी उभा असलेला माणूस जखमी होईल. तपासणी पेट्रोल भरण्याआधी, दोन-तीन पौंडांवर, रेग्युलेटर लावून, वेल्डवर साबणाचं पाणी फिरवून करायची. ३ पौंडांवरही त्याच बाजूवर सुमारे ५०० किलोंचा जोर असतो, तेव्हा चेहरा टाकीपासून लांब ठेवा.