विहिरीला पाणी आहे, मोटार कशाला बदलता?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज तीनदा फिरून आला. 'स्मार्ट बल्ब, कॅमेरा सारखा ऑफलाइन जातो? शंभर एमबीपीएसच्या जागी तीनशेचा प्लॅन घ्या, वायफायचं २.४ बंद करून ५ चालू करा, लांबच्या खोलीत बूस्टर लावा आणि रोज रात्री राउटर बंद-चालू करा.' माझ्या चुलत्यांनी यातल्या पहिल्या दोन गोष्टी करूनही टाकल्या. औसा तालुक्यातल्या त्यांच्या घरी निस्तरायला मी गेलो होतो, म्हणून हे लिहितोय.

आधी प्लॅन. बल्बला 'लाग' म्हणून सांगायला एखाद्या एसएमएसएवढा डेटा पुरतो. खादाड असतो तो कॅमेरा, पण फुल एचडी चित्र पाठवायला त्यालाही साधारण २ ते ४ एमबीपीएसच लागतात, तेही अपलोडचे. विहिरीला पाणी आहे, पाइप बांधावर फुटलाय, आणि सल्ला काय, तर मोठी मोटार बसवा!

२.४ आणि ५ हे राउटरच्या वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे. त्यातला २.४ बंद करायचा सल्ला तर थेट उलटा. स्वस्तातले बहुतेक बल्ब आणि प्लग यांच्या चिपला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच कळतं. इथला ५ म्हणजेही गिगाहर्ट्‌झच, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. चुलत्यांनी २.४ बंद केलं त्या संध्याकाळी बल्ब गेले, गेटचा कॅमेरा गेला, मोबाइल मात्र सुसाट. "बल्बच बोगस निघाले बघ," हा त्यांचा निकाल.

खरं दुखणं भिंतीत होतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी घराची मागची बाजू पाडून स्लॅबची केली, पुढची जुनीच राहिली: दोन हात रुंद दगडमातीची भिंत, वर माळवद. राउटर मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, भिंतीला चिकटून. मोबाइलवर सिग्नल मोजला (डीबीएममध्ये; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). राउटरपाशी उणे ३८, भिंतीपलीकडं ओसरीत उणे ८४. उणे ६७ च्या आसपास काम नीट चालतं. उणे ८० च्या पलीकडं बल्ब लागला तर नशीब. ५ च्या लहरी तर अशा भिंतीत आणखी लवकर दम तोडतात. राउटर कपाटावरून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर ठोकला, २.४ परत चालू केलं. ओसरीत उणे ६९. खर्च दोन खिळ्यांचा.

बल्ब नव्यानं जोडताना मात्र अडलं, कारण दोन्ही बँडचं नाव एकच होतं आणि मोबाइल ५ वर बसला होता. सगळीच ॲप अडत नाहीत, बल्बचं हे ॲप अडलं. २.४ ला वेगळं नाव दिलं, वायफायची सुरक्षा पद्धत नव्या डब्ल्यूपीए-३ वरून जुन्या डब्ल्यूपीए-२ वर आणली. मग जोडले गेले.

बूस्टरची, म्हणजे सिग्नल पकडून पुढं पाठवणाऱ्या डब्याची, गोष्ट अर्धी खरी आहे. पण लोक तो जिथं सिग्नल मेलाय तिथंच लावतात. त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर. आम्ही गेटसाठी नेटवर्क केबल ओढली (शंभर मीटरपर्यंत चालते) आणि अडगळीतला जुना राउटर तिथं बसवला. त्याचा आयपी पत्ता बदलला, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि केबल लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या, भोकात घातली. ती वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येणाऱ्या, भोकात घातली की घरात दोन नेटवर्क होतात आणि नवीनच घोळ सुरू.

राहिला रोजचा रिस्टार्ट. ते काम आमच्याकडं वीज फुकटात करते! लाइट आली की बल्ब काही सेकंदांत जागा होतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही उपकरणं शोधून शोधून थकतात आणि तशीच पडून राहतात. म्हणजे रिस्टार्ट हाच आजार, त्यालाच औषध म्हणायचं. राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट-ॲम्पिअर जुळवून बघा आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं.

बल्ब आता लागतात. तीनशेच्या प्लॅनचे सहा महिन्यांचे पैसे मात्र चुलते आगाऊ भरून बसलेत.