जुम्मा तळ्यापाशी गाडी थांबली नाही

मागच्या रविवारी मी नागपूरची एक दिवसाची गाइडेड टूर केली. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, नोकरी इथली, आणि तरी पैसे भरून केली. कारण मावशी. माझी मोठी मावशी १९७२ साली लग्न होऊन इचलकरंजीला गेली. तेव्हापासून ती नागपूरला येते ती लग्नाला, नाहीतर मयतीला. स्टेशन ते घर, घर ते मंगल कार्यालय, आणि परत स्टेशन. यंदा आमच्या घरच्या लग्नाला आली तेव्हा म्हणाली, "गुडघे काही साथ देऊन नाही राह्यले. पुढच्या खेपेला येईन का नाही, माहीत नाही. मले एकदा आपलं नागपूर नीट पाहू दे." दिवसभर ऑटोत चढणं-उतरणं तिला झेपलं नसतं. टूरची गाडी चांगली होती, पायरी खाली होती, जेवण आणि गाइड धरून पैसे होते. मी दोन सीट बुक केल्या.

चार दिवस झाले, ती टूर डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे. लांब झालंय, पण नागपूरकरांनी पूर्ण वाचावं ही विनंती.

गाडीत आम्ही चौदा जण. पुण्याची दोन कुटुंबं, भोपाळचं एक जोडपं, मिहानमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या चार मुली, आणि आम्ही. गाइड पंचविशीतला मुलगा. आवाज खणखणीत, वागायला अतिशय नम्र. मावशीला हात देऊन खाली उतरवायचा, "आजी, सावकाश" म्हणायचा. या पोस्टमध्ये पुढे माझी तक्रार आहे, पण ती त्या मुलाबद्दल नाही, हे आधीच सांगते.

पहिला थांबा झीरो माइल. "हा भारताचा मध्यबिंदू. इंग्रजांनी देशातली सगळी अंतरं इथूनच मोजली." एवढं सांगून फोटोंसाठी पंधरा मिनिटं दिली. चार घोडे, मधला खांब, प्रत्येकाचा सेल्फी, झालं.

हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. पण तो दगड काय आहे ते त्या जागीच लिहिलेलं आहे. ती १९०७ साली बसवलेली सर्वेक्षणाची खूण आहे. समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट, असा तिचा आकडा. खांबावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. तो ज्या महासर्वेक्षणाचा भाग, ते १८०२ मध्ये मद्रासजवळ एक रेघ मोजून विल्यम लॅम्बटन नावाच्या माणसाने सुरू केलं. साखळ्या आणि अवजड यंत्रं घेऊन तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला, आणि नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेतच गेला. कुठे? हिंगणघाटला! त्याची कबर तिथेच आहे. म्हणजे ज्या माणसाने हिंदुस्थान मोजायला घेतला तो आपल्यापासून दोन तासांच्या वाटेवर मातीत आहे. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं असतं, तर त्या दगडाकडे त्यांनी दोनदा पाहिलं असतं.

आणि त्याच चौकात, दगडापासून अगदी थोड्या अंतरावर, गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरंच जास्त. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या संध्याकाळी शहर कसं गप्प झालं होतं ते मला अजून आठवतं. भोपाळच्या बाईंनी त्या स्मारकाकडे बोट दाखवून विचारलं, "वो क्या है?" मुलगा म्हणाला, "मेमोरियल है मॅडम," आणि सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. मी गाडीत त्या बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ मागे वळून पाहत होत्या.

विधानभवन बाहेरून, सीताबर्डीचा किल्ला खालून. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच लोकांना आत सोडतात, त्यामुळे त्याला इलाज नव्हता. पण १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज याच टेकडीवर इंग्रजांशी लढली आणि हरली, एवढं तरी गाडीतून सांगता आलं असतं. अजब बंगल्यात अर्धा तास मिळाला. १८६३ चं संग्रहालय आहे ते, अर्ध्या तासात काय होणार!

मग दीक्षाभूमी. आणि इथे तो मुलगा बदलला.

गेटमधून आत शिरताच त्याने चप्पल काढली, हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि नंतर समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. नागपूरच का, तर नाग लोकांची ही भूमी म्हणून, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं होतं. हे सगळं तो न अडखळता बोलला. मग म्हणाला, "माझे पणजोबा उमरेडकडून पायी आले होते. पांढरं धोतर उसनं घेतलं होतं. आजी सांगायची, परत आले तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले." गाडीतले चौदाही जण उभे होते, कोणी फोन काढला नाही. स्तूपाच्या आत, त्या पोकळ घुमटाखाली, मावशी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "हा पोरगा चांगला सांगून राह्यला."

माझ्या मते दिवसभरात खरी टूर झाली ती तेवढी पस्तीस मिनिटं. कारण तिथे तो पाठ केलेलं बोलत नव्हता, त्याच्या घरातलं बोलत होता.

जेवण एका मोठ्या हॉलमध्ये. पनीर, दाल फ्राय, नान. पुण्याच्या एका काकांनी सावजीचं विचारलं, तर "टूरिस्टना झेपत नाही" असं उत्तर मिळालं. सावजी म्हणजे निव्वळ तिखट नव्हे हो! हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण ते. दिवसभर मागावर बसलेल्या माणसाचं. मसाला काळा पडेस्तोवर भाजायचा, खसखस-सुकं खोबरं पाट्यावर वाटायचं, वर तेलाचा तवंग. तर्री कमी करून वाढा, पण वाढा. आणि ते कोणाच्या घरातून आलं ते सांगा. आपण पनीर आणि दाल फ्रायसाठी पाहुण्याला नागपूरला बोलावतो का?

जेवणानंतर इतवारीतल्या एका दुकानाकडे निघालो. टूरमध्ये त्या दुकानाला पन्नास मिनिटं होती. दीक्षाभूमीला पस्तीस आणि साडीच्या दुकानाला पन्नास. हा हिशोब ज्याने कोणी बसवला, त्याने एकदा शांतपणे त्याकडे पाहावं.

दुकानाकडे जाताना गाडी गांधीसागर तळ्याच्या कडेने निघाली. मावशी एकदम सरळ बसली. "बाबू, जरा थांबव ना गाडी. हे आमचं जुम्मा तळं होय."

मुलगा म्हणाला, "आजी, इथे पॉइंट नाही."

पॉइंट नाही. तो खोटं बोलला नाही. त्याच्या कागदावर तिथे काहीच नव्हतं.

आता मावशी काय पाहत होती ते सांगते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७०२ च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, शहराला कोट घातला, आणि हे तळं बांधलं. आज ज्याला आपण गांधी गेट म्हणतो तो त्याच कोटाचा जुम्मा दरवाजा. भोसले आले ते चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर, वारसांच्या भांडणात. इंग्रज त्याच्याही नंतर. म्हणजे शहर जिथून सुरू झालं ती जागा मावशीच्या खिडकीतून दिसत होती, आणि सकाळी नऊपासून त्या गाडीत बख्त बुलंद शाहचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

तळ्याच्या बाजूला आता मॉल आहे. मुलाने तो दाखवला, "हा एम्प्रेस मॉल." मावशी म्हणाली, "मॉल कायचा? आमच्या बाबांची मिल होती इथं." माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते, एकतीस वर्षं. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर का? कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे १८६७ लाच आलेली. जागा मिळाली ती तळ्याजवळची दलदल. ती मातीने भरून काढायला घेतली तेव्हा इथल्या एका सावकाराने कर्ज नाकारलं, हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय म्हणून. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी टाकली ती माती, आणि काढलं ते सोनं. १८८६ मध्ये या मिलने कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला. १८८६! हे सांगायला मुंबईहून कोणी यायला हवं का?

सिग्नलला गाडी अडकली तेवढ्या वेळात मावशीने मुलाला सांगितलं, भोंगा झाला की आई चुलीवर तवा ठेवायची, दुसरा भोंगा झाला की बाबा सायकल काढायचे. घरी घड्याळ नव्हतं, भोंगाच होता. पुण्याची मुलं मागच्या सीटवरून पुढे वाकून ऐकत होती. मग सिग्नल सुटला.

संध्याकाळी फुटाळा तळ्यावर सूर्यास्त. छान होता. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नागपूरच्या या टूर शहराचा अर्धाच भाग दाखवतात. रेल्वेलाइनच्या पश्चिमेचा. सिव्हिल लाइन्स, बर्डी, फुटाळा. रस्ते रुंद, पार्किंग सोपं, फोटो चांगले. पूर्वेला जुनं शहर आहे, महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. आठवड्याच्या बाजारांवरून नावं पडलेली वस्ती. गोंड राजाचा किल्ला, भोसल्यांचे वाडे, चितार ओळीतले मूर्तिकार, विणकरांच्या गल्ल्या. त्यातलं काहीही 'पॉइंट' नाही. आणि पाहुणा परत जाऊन सांगतो, नागपुरात पाहायला काही नाही, एक दिवस पुरतो.

गल्ल्यांत मोठी गाडी जात नाही, हे मला मान्य आहे. पण मेट्रोचं स्टेशनच चितार ओळी नावाचं आहे. तिथे माणसं उतरवा, पुढे ई-रिक्षा करा. मावशीसारखी गुडघेदुखीची बाईसुद्धा ई-रिक्षात आरामात बसते. दुकानाची पन्नास मिनिटं तिकडे द्या.

आणि दुसरं, गाइडबद्दल. त्या मुलाला कंपनीने दोन पानांचा कागद दिला होता, मी पाहिला. दिवसाची मजुरी आणि दुकानात विक्री झाली तर वर थोडे पैसे. अशाने तो दुकानाकडेच नेणार, त्याचं काय चुकलं? महालात, पाचपावलीत, इंदोऱ्यात, टेकडीखालच्या वस्त्यांत वाढलेली शिकलेली मुलं कितीतरी आहेत. त्यांना महिनाभर नीट शिकवा, अजब बंगल्यात बसवा, मिलच्या जुन्या कामगारांना भेटवा, आणि पगार द्या. दुकानाशी त्यांचा संबंधच ठेवू नका. दीक्षाभूमीवर तो मुलगा जसा बोलला तसा तो जुम्मा दरवाजापाशीही बोलू शकतो. ते त्याच्यात आहे, मी डोळ्यांनी पाहिलं.

उतरताना त्याने मावशीला विचारलं, "आजी, भोंगा किती वाजता व्हायचा?" आणि तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. मावशीने मग त्याला मारबतीचंही सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ते मोठाले पुतळे, मिरवणुकीने कुठून निघतात, लहानपणी ती भावाच्या खांद्यावर बसून कशी पाहायची. दहा मिनिटं दोघं गाडीच्या पायरीशी उभे होते.

त्याचा नंबर मी घेतला आहे. त्याला जुन्या शहराची स्वतःची अशी एक फेरी तयार करायची आहे आणि मी त्याला माझ्याकडचं सगळं देणार आहे. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा मिलमध्ये असतील, महालातल्या वाड्यात कोणी राहिलं असेल, कोणाकडे तळ्याचे, जुन्या इतवारीचे फोटो असतील, तर खाली लिहा किंवा मला पाठवा. आणि एम्प्रेस मिलच्या आत काढलेला एखादा फोटो असेल तर नक्की. आजोबांनी एकतीस वर्षं तिथे काढली, पण त्यांचा मिलमधला एकही फोटो आमच्याकडे नाही.