रंगीत धूर म्हणजे रसायनांची फवारणी नव्हे

‘हवाई कसरती करणारी विमानं रंगीत धुरातून शहरावर रसायनं फवारतात’ हा मेसेज चुकीचा आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या कसरतींच्या पथकाच्या, म्हणजे ‘रेड अ‍ॅरोज’च्या, हॉक विमानाच्या पोटाखाली एक टाकी असते. वैमानिकाने बटण दाबलं की तिच्यातलं डिझेल बारीक नळ्यांतून जेटच्या झोतात सुटतं. झोताच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात. पांढरा धूर तो हाच. लाल-निळ्यासाठी डिझेलमध्ये रंग मिसळतात. साठा अगदी मोजका: पांढरा 5 मिनिटं, लाल आणि निळा जेमतेम 1-1 मिनिट. एवढ्यात शहरावर कसली फवारणी होणार? मात्र ‘ही नुसती पाण्याची वाफ’ हेही खरं नाही. ते डिझेलच आहे. आपल्या हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरतींच्या पथकाकडेही हॉकच आहेत. धुराचं खरं काम सुरक्षेचं: वाऱ्याची दिशा कळते, समोरून येणारं विमान लांबूनच दिसतं.