आवड असली की पीएच.डी. होते?

"विषयाची आवड आहे ना? मग डोळे मिटून पीएच.डी. धर. गाईड मोठा बघ. पदवीशिवाय संशोधनात कुणी विचारत नाही. आणि एकदा धरलीस की सोडू नकोस." हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. हेतू चांगला असेल, पण चारही वाक्यं लंगडी आहेत.

आधी आवड. बहुतेकांना आवड असते ती विषय वाचण्याची, आणि वाचनाचे दिवस लवकर सरतात. मग तोच प्रयोग अकराव्यांदा लावायचा, कारण दहाव्या वेळचा आकडा नवव्याशी जुळला नाही. दोन महिने खपून लिहिलेलं प्रकरण परत येतं, समासात दोनच शब्द: 'मग काय?' त्या दोन शब्दांपायी आणखी एक महिना जातो. चिडचिड सगळ्यांचीच होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला बसावंसं वाटतं का, ते बघा. त्यासाठी प्रवेशच घ्यायला हवा असं नाही. सहा महिने कुणाच्या हाताखाली रिसर्च असिस्टंट म्हणून राबलात तरी कळतं.

मोठा गाईड पुष्कळदा दौऱ्यावर असतो. त्याच्या विद्यार्थ्यांना एकेकटं गाठा, त्याच्या माघारी. ड्राफ्ट किती दिवसांत परत येतो? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? मध्येच कोण सोडून गेलं, आणि का? या शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प झाले, तर मला तरी तेवढं उत्तर पुरे.

पदवीचं म्हणणं अर्धं खरं. विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं तर ती बहुधा लागतेच. पण अमेरिकन संशोधक गर्ट्रूड एलियन नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होत्या, पूर्णवेळ या, असं सांगितल्यावर त्यांनी नोकरी निवडली. त्याच औषध कंपनीत त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरचं औषध शोधलं आणि 1988 मध्ये नोबेल मिळवलं. जपानी अभियंता कोइची तानाकांकडे 2002 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल आलं तेव्हा फक्त बॅचलर्सची पदवी होती. अर्थात दोघांच्याही पाठीशी कंपनीची प्रयोगशाळा होती, हे विसरून ही उदाहरणं तोंडावर फेकू नयेत.

राहिलं सोडणं. 'क्वीन' या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी सूर्यमालेतल्या धुळीवरचं संशोधन 1974 मध्ये अर्ध्यावर टाकलं आणि प्रबंध 2007 मध्ये पुरा केला. सगळ्यांच्या हातात गिटार नसते, मान्य. पण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मधूनच बाहेर पडणाऱ्याला मास्टर्सची पदवी मिळते. तुमच्याकडे काय नियम आहे, ते अर्ज भरतानाच विचारून ठेवा.