न हलणाऱ्या हातातून पट्टा काय वाचतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, स्नायूंतले सूक्ष्म विद्युत संदेश त्वचेवरून वाचून फोनसारखे यंत्र चालवणाऱ्या पट्ट्याविषयी मी लिहिले होते, त्यावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार आहे. विहिरीत पडून मानेला मार लागलेले आपले चुलतभाऊ अंथरुणाला खिळून आहेत आणि त्या अनुभवावरून आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ज्या हातात जीवच उरला नाही, त्याच्या स्नायूंतून पट्टा कोणता संदेश वाचणार, हा पहिला. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे साधी हवेची गादी मिळवताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तिथे हे श्रीमंतांचे खेळणे कशाला, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. मानेत मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूकडून खाली येणारी वाट तुटते. पण इजेच्या बऱ्याच खाली असलेल्या, स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशी बहुधा शाबूत राहतात. त्या वाटेतले मोजके तंतू जरी वाचले असतील, तरी माणूस बोट वाकवण्याचा प्रयत्न करतो तेव्हा थोड्या चेतापेशी जाग्या होतात. तेवढ्याने बोट हलत नाही, पण त्वचेवर काही मायक्रोव्होल्टचे (व्होल्टच्या दशलक्षाव्या भागाचे) स्पंदन उमटते आणि ते मोजता येते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हातपाय लुळे पडलेल्या एका व्यक्तीच्या हाताभोवती इलेक्ट्रोडची, म्हणजे त्वचेवरचे विद्युत संदेश टिपणाऱ्या चकत्यांची, बाही गुंडाळली आणि ती व्यक्ती कोणते बोट हलवू पाहते आहे, हे बोट न हलताही ओळखता येते असे दाखवले. जिथे स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशीच मेल्या आहेत, जसे पोलिओमध्ये होते, तिथे मात्र आपला आक्षेप खरा ठरतो.

मेटा कंपनीच्या मनगटी पट्ट्याने पेन न धरता, लिहिल्यासारखी बोटे हलवून मिनिटाला सुमारे २१ शब्द उमटवता येतात, हा २०२५ मधला गाजलेला आकडाही आपण खोडून काढला आहे. तो धडधाकट हातांचा आहे, आपल्या भावासाठी तो मोजमाप म्हणून धरू नये, इथे मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे.

पैशांच्या बाबतीतही गादी आधी, हे निर्विवाद. पाठीला जखमा झाल्या तर बाकी सगळे व्यर्थ आहे. पण आपण समजता तेवढी महाग सामग्री प्रत्येक वेळी लागत नाही. खांदा उचलणारा किंवा भुवई ताणणारा एकच स्नायू भरवशाचा असेल, तर तो एक बटण होतो. अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच अशी सोय आहे की पडद्यावरील पर्यायांवरून चौकट आपोआप सरकत जाते आणि हव्या जागी ती आली की एक बटण दाबले म्हणजे काम होते. फोन लावणे, भजन सुरू करणे, घरच्यांना हाक देणे एवढे त्यावर जमते. त्यासाठी लागतात ते ईसीजीला लावतात तसे चिकट इलेक्ट्रोड, संदेश मोठा करणारा एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि ब्लूटूथची चिप. वीज जाण्याची अडचणही इथे फारशी नाही, कारण हे यंत्र बॅटरीवरच चालवायचे असते. थेट विजेला जोडले तर धोका वाढतो आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर स्नायूच्या संदेशात मिसळते.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड तासाभरात सुटू लागतात. त्वचा स्पिरिटने पुसून आणि वर पट्टी बांधूनही ते पुन्हा लावावे लागतात, म्हणजे घरातले कुणीतरी त्यात गुंतते. दुसरी अडचण झटक्यांची. हातपाय आपोआप आखडतात तेव्हा यंत्राला तो आदेशच वाटतो, म्हणून लागोपाठ दोनदा ताण दिल्यावरच बटण दाबले गेले असे मानण्याची व्यवस्था करावी लागते. तिसरी अडचण थकव्याची. किती ताण आला की बटण दाबले असे मानायचे, ही सकाळी बसवलेली पातळी दुबळा स्नायू दमला की दुपारी चुकते.

भावांची एनसीव्ही-ईएमजी (चेता आणि स्नायूंतले विद्युत संदेश मोजणारी) तपासणी पुन्हा होणार असेल, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे की बोटे वाकवण्याचा प्रयत्न करायला सांगितल्यावर यंत्रावर काही उमटते का. उमटत असेल, तर कोणत्या स्नायूत ते मला कळवावे. इलेक्ट्रोड कुठे बसवायचे हे त्यावरच ठरते.