चौदावं रत्न

काल कट्ट्यावर पिंट्याने मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली, कुठल्यातरी चोरीची, शेवटची ओळ नेहमीचीच, "पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली", आणि वर म्हणाला असंच पाहिजे, चौदावं रत्न दाखवल्याशिवाय ही जमात तोंड उघडत नाही.

वकील म्हणाला (आमच्यातला एकच वकिली करतो, त्याचं नावच ते पडलंय) जमात शब्द जपून वापर, १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी चोरी झाली की पहिली धाड अजून पारध्यांच्या पालावर पडते. आणि ती कबुली कोर्टात चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून धरत नाहीत, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच. पिंट्या म्हणे मग माल सापडतो तो? वकील म्हणाला तो चालतो ना, कबुलीतला माल सापडण्यापुरता भाग चालतो, म्हणून तर मारतात.

दाद्या चिडला. त्याचे वडील हवालदार होते. बंदोबस्त करून रात्री दोनला घरी यायचे तोवर साहेबाचा फोन, दोन दिवसांत रिझल्ट पाहिजे, माणसं नाहीत, लॅबचे रिपोर्ट महिनोन्महिने नाहीत, केस कोर्टात वर्षानुवर्षं पडून, मग ते काय करणार होते? आणि लोकांनाच हवं असतं रे, हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या चार आरोपींचं एन्काउंटर झाल्यावर पोलिसांवर फुलं उधळली ती कोणी?

यावर मी गप्पच झालो कारण त्या दिवशी सॅल्यूटचा फॉरवर्ड मी पण टाकला होता. नंतर सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांची हकीकत बनावट आहे, मेलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. तो रिपोर्ट आमच्या ग्रुपवर कोणीच टाकला नाही, मी पण नाही.

वकील म्हणाला बिहारमधलं भागलपूर आठवा, १९७९-८० ला पोलिसांनी तिथे तीसेक कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यात अ‍ॅसिड ओतलं, नाव काय ठेवलं तर गंगाजल, आणि पोलिस सस्पेंड झाल्यावर लोक त्यांच्याच बाजूने रस्त्यावर उतरले. मला तेव्हा लख्ख वाटलं की खरी गोम या नावांत आहे. गंगाजल, खाक्या, प्रसाद, चौदावं रत्न. मारलं असं सरळ कोणी म्हणतच नाही, पेपरवाले पण नाही, म्हणून ते वाचून आपल्याला काही होत नाही.

मग मी मामेभावाचं सांगितलं, आजवर कट्ट्यावर कधी बोललो नव्हतो. दुकानात कामाला होता, गल्ल्यातले पैसे गेले, मालकाने याचं नाव घेतलं. रात्री "चौकशीला" म्हणून नेला तो तीन दिवस आत, अटकेची नोंद नाही, घरी निरोप नाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं हे घटनेतच आहे, नातेवाइकांना कळवायचं हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये बजावलंय, मामा बिचारा बाहेर बाकावर बसून होता, त्याला यातलं काय ठाऊक. तळव्यांवर पट्ट्याने मारलं, तिथे वळ दिसत नाहीत म्हणून. अजून जिना उतरताना तो पाय तिरका टाकतो, कठडा धरून, एकेक पायरी.

दाद्या खाली बघत बसला होता. पिंट्याने विचारलं, मग पैसे कोणी घेतले होते?

मालकाचाच भाचा निघाला, चौथ्या दिवशी.

त्याला किती मारलं?

हात पण नाही लावला. घरातल्या घरात मिटवलं.