डोळा ललिताबाईंचा, खाष्टपणा पटकथेचा

‘चेहरा कधी खोटं बोलत नाही’ या मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. खलनायकाच्या गालावर व्रण, भाजलेली कातडी, बारका डोळा हे सिनेमावाले उगाच दाखवत नाहीत, आपल्या पूर्वजांनाही ते ठाऊक होतं, असा एकूण सूर. खाली पाच मुद्दे आणि हात जोडलेले इमोजी. एरवी मी असलं काही न वाचता पुसून टाकते. पण आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या ग्रुपवर माझी आठवीतली भाची आहे. तिचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. शस्त्रक्रियेनंतर नाकपुडीपासून ओठापर्यंत एक रेघ राहिली आहे. वर्गात पाठांतर सगळ्यांत चोख, तरी गॅदरिंगमध्ये तिच्या वाट्याला काय येतं? चेटकीण, नाहीतर मंथरा. तेव्हा काका, उत्तर ग्रुपवरच देते.

पहिला मुद्दा पुराणांचा. शूर्पणखेचं नाक लक्ष्मणाने कापलं. अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला तो त्याने झोपलेली पोरं मारल्यावर. म्हणजे आधी करणी, मग जखम. जखमेमुळे माणूस दुष्ट झाला असं कुठे लिहिलंय? मंथरेचं कुबड मात्र मला झटकता येत नाही. तिथे रामायणातही हाच सोपा मार्ग घेतलाय, मान्य. पण आठ ठिकाणी वाकडा असलेला, जनकाला ज्ञान देणारा अष्टावक्र या फॉरवर्डमध्ये कसा नाही?

दुसऱ्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं. ‘ललिता पवारांना थोबाडीत बसली, डोळा गेला आणि नशीब उजळलं, कारण तो चेहराच खलनायिकेचा झाला.’ नशीब उजळलं म्हणे! येवल्याची ही मुलगी मूकपटांपासून पडद्यावर होती, नायिका होती, ‘कैलाश’ची तर सहनिर्माती होती. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, उपचारांत तीनेक वर्षं गेली, डावा डोळा कायमचा अधू राहिला. थप्पड बसली तेव्हा त्या सव्विशीत होत्या. नायिकेची कामं बंद झाली आणि वाट्याला सासवा आल्या. याला नशीब म्हणायचं?

आणि तो डोळा पाहून आपल्याला धडकी भरायची ती डोळ्यामुळे, असं खरंच वाटतं? मग ‘अनाडी’ काढून बघा. भाडेकरू राज कपूरवर सतत खेकसणारी आणि त्याला पोटच्या पोरासारखं जपणारी मिसेस डिसा. डोळा तोच. त्या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. ‘श्री 420’मधली केळेवाली, ‘आनंद’मधली मेट्रन, तिथेही डोळा तोच आणि माया ओतप्रोत. रामानंद सागरांच्या मालिकेत त्याच बाई मंथरा झाल्या. कधी कटकारस्थानाचे संवाद दिले, कधी मायेचे; दोन्ही वेळा आपण विश्वास ठेवला. त्यात अधू डोळ्याची करामत कुठली? अभिनय बाईंचा होता.

तिसरा मुद्दा: ‘इंग्लंडात व्रण असलेल्या खलनायकांवर बंदी आलीय.’ नाही आली. 2018 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने एवढंच जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण दुष्टपणाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना आम्ही पैसे देणार नाही. मागणी चेहऱ्यावर व्रण असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेची होती. बंदी असती तर 2021 च्या बाँडपटात व्रणवाले दोन-दोन खलनायक कुठून आले?

चौथा, ‘गोष्टच तर आहे, कुणाचं काय बिघडतं?’ हे सर्वोच्च न्यायालयाला सांगा. ‘आँख मिचोली’ या चित्रपटात अपंगांची टर उडवलीय म्हणून अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर 8 जुलै 2024 ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. चित्रपटात हस्तक्षेप केला नाही, अभिव्यक्तिस्वातंत्र्य राखलं. पण पडद्यावरच्या साचेबंद चित्रणातून भेदभाव पोसला जातो हे स्पष्ट म्हटलं, अपंग व्यक्तींना हिणवणारा विनोद आणि त्यांना समजून घेणारा विनोद यांत फरक केला, आणि त्यांच्याशी बोलून मगच त्यांची पात्रं लिहा असं सुचवलं. खटला व्रणांबद्दल नव्हता हे मला कळतं. पण 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तींचाही समावेश आहे, तेव्हा ‘आमचा काय संबंध’ म्हणायची सोय नाही.

पाचवा, ‘अशा नायिका चालत नाहीत, छपाक पडला.’ ॲसिडहल्ला झालेल्या मुलीवरचा ‘छपाक’ आला त्याच दिवशी ‘तान्हाजी’ आला होता, हे सोयीस्करपणे गाळलंय. आदल्याच वर्षी मल्याळममध्ये ‘उयरे’ चांगला चालला, त्याची नायिकाही ॲसिडहल्ल्यातून वाचलेली. आणि दोन्हीकडे चेहरा होता नावाजलेल्या नटीचा, वर प्रोस्थेटिकचा, म्हणजे नकली कातडीचा थर. खरोखर व्रण असलेल्या मुलीला नायिकेचं काम देऊन बघितलंय कुणी? आधी द्या, मग चालत नाही म्हणा.